बिनधुराची शेकोटी

चिंचवडला खोली शोधत फिरत होतो तेव्हाची गोष्ट. आडनाव ऐकलं की खोली "आत्ताच गेली" असं सांगणारे घरमालक आम्हाला दोन-तीन भेटून झाले होते. त्यामुळे त्या बैठ्या घराच्या फाटकाशी आमच्या यजमानांनी आडनाव सांगितलं, तेव्हा मी परत फिरायच्या तयारीतच उभी होते. आत एक उंच, काटकुळे, साठीचे गृहस्थ होते. एका गालाची दाढी केलेली, दुसऱ्या गालाची तशीच. त्यांनी आडनाव कानावर घेतलं की नाही कोण जाणे. म्हणाले, "स्वयंपाक कशावर करता?"

"स्टोव्हवर," यजमान म्हणाले.

"भडकला तर काय कराल?"

"पाणी ओतू."

गृहस्थांचा चेहरा एकदम उतरला. मग ते माझ्याकडे वळले. "आणि बाई, तुम्ही?"

"ओलं पोतं टाकीन," मी म्हणाले. "आमच्या आईनं एकदा तसंच विझवला होता."

"खोली तुमची," ते म्हणाले. "सामान कधीही आणा. यांना मात्र स्टोव्हजवळ जाऊ देऊ नका."

अशी आम्हाला जागा मिळाली. मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते, यजमान दुसऱ्या कंपनीत शिफ्टमध्ये. घरमालकांना आम्ही काका म्हणायला लागलो आणि त्यांच्या पत्नीला काकू. काका दारूगोळ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथं ते सुरक्षेचे अधिकारी होते. बंदुकीची दारू जिथं भरतात तिथं कुणाच्या खिशात काडेपेटी नाही ना, कुणाच्या चपलेला खिळा नाही ना, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर ती नजर घरी आली आणि काकूंच्या, आमच्या आणि साऱ्या आळीच्या मागे लागली.

त्यांच्या अंगणात मध्यभागी एक शेकोटी होती. तिच्यात लाकूड नव्हतं, कोळसा नव्हता, धूर तर नव्हताच. गॅसवर चालणारी शेकोटी मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही बरीच वर्षं पाहिली नाही. गुडघाभर उंचीचं विटांचं गोल कडं, आत भोकं पाडलेली लोखंडी नळी वर्तुळासारखी वळवून बसवलेली, तिच्यावर भट्टीच्या विटांचे तुकडे रचलेले. ती पेटली की विटांच्या फटींतून पिवळ्या ज्वाळा वर यायच्या आणि हळूहळू विटाच लाल व्हायच्या. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी कामावरून फाटकात शिरावं आणि समोर ते दिसावं. पहिल्या दिवशी मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले होते.

ती शेकोटी काकूंसाठी होती. काकू मावळातल्या. लहानपणी घरासमोर रोज शेकोटी पेटायची, तिच्याभोवतीच त्या वाढल्या. पुढे त्यांना दमा जडला. धुराची एक झुळूक आली तरी छातीचा भाता व्हायचा. डॉक्टरांनी चूल, बंब, शेगडी सगळं बंद केलं. एका थंडीत काकू काकांना सहज म्हणाल्या, की बाकी कशाचं काही नाही, पण शेकोटी गेली ते फार वाईट झालं. पुढच्या थंडीपर्यंत अंगणात ते कडं उभं राहिलं.

त्या काळात गॅसच्या जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. आळीत निम्म्या घरांत अजून रॉकेलच होतं. अशा वेळी हा मनुष्य सिलिंडर अंगणात जाळतो म्हटल्यावर आळी पेटून उठली. एका शेजाऱ्यांनी तोंडावर विचारलं, "काका, ही उधळपट्टी नाही का?"

"आहे," काका म्हणाले. "म्हणून मी गार पाण्यानं आंघोळ करतो. तिच्या शेकोटीचा गॅस माझ्या आंघोळीतून कापलाय."

आणि ते खरं होतं. पौषातल्या सकाळी मागच्या मोरीतून त्यांचा "हूऽऽ" असा आवाज यायचा, तेव्हा आम्ही समजायचो की काल शेकोटी झाली.

शेकोटी पेटवायचा त्यांचा जो विधी होता, तो बघायला मी मुद्दाम ओट्यावर येऊन बसायची. आधी ते पेरूच्या झाडाकडे बघायचे. त्या झाडाला त्यांनी जुन्या धोतराची एक चिंधी बांधली होती. चिंधी आडवी झाली की वारा जास्त, मग शेकोटी नाही. काकू शाल गुंडाळून तयार बसलेल्या असायच्या.

"अहो, एवढाही वारा नाही. पेटवा आता, थंडी संपायच्या आत."

"चिंधीला विचार," काका म्हणायचे.

कडं आधी त्या पेरूजवळच बांधलं होतं. अर्धं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की झाडाची एक फांदी वरून येते. काकूंना वाटलं, फांदी तोडतील. त्यांनी कडं उकललं आणि एकेक वीट उचलून अंगणाच्या मधोमध नेली, जिथं वर फक्त आभाळ होतं. "फांदी पुन्हा वाढते," म्हणाले. "मी विसरेन, ती विसरणार नाही."

वाऱ्याचं झालं की सिलिंडर. तो कड्यापासून दूर, एका अर्ध्या भिंतीच्या आड, सावलीत, ताठ उभा असायचा. तो कधी आडवा ठेवायचा नाही, कधी झाकून बंद करायचा नाही. त्याची नळी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं आणली होती. मग काका आपला दाढीचा ब्रश काढायचे. वाटीत साबण घोटून दाट फेस करायचे आणि सिलिंडरच्या तोंडाला, नळीच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक जोडाला तो फेस लावत जायचे. मग डोळे बारीक करून बघत राहायचे. कुठं बुडबुडा फुगला तर तिथून गॅस निसटतोय. तो जोड घट्ट होऊन फेस गप्प बसेपर्यंत पुढचं काही नाही. ब्रश एकच होता. दाढी करता करता एखाद्या जोडाची शंका आली की ते तसेच अंगणात जायचे आणि मग दुसरा गाल राहूनच जायचा. आळीतली माणसं सकाळी विचारायची, "काका, सिलिंडरची दाढी झाली का?" ते गंभीरपणे सांगायचे, "झाली. माझी व्हायची आहे."

त्यानंतरचा प्रकार मात्र नवख्या माणसाला कळायचा नाही. काका कड्याशी गुडघे टेकायचे, दोन्ही हात जमिनीवर ठेवायचे आणि नाक थेट मातीला लावायचे. गावाकडून आलेल्या माझ्या सासूबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांनीही मागून हात जोडले. त्यांना वाटलं, अग्नीला नमस्कार चाललाय.

"आजी, वास घेतोय," काका उठून हात झाडत म्हणाले. "हा गॅस हवेपेक्षा जड. धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली येतो, उतार शोधतो, खळग्यात साचून बसतो. उभ्या माणसाच्या नाकाला कळतच नाही. म्हणून आपण त्याच्याकडे खाली जायचं."

कडं जमिनीच्या वर बांधण्याचं कारणही तेच. तळाशी चारी बाजूंनी भोकं ठेवली होती, गॅस साचलाच तर वाहून जावा म्हणून. पेटवताना त्यांचं एकच वाक्य असायचं, तेही मोठ्यानं, जणू कुणाला तरी हुकूम देतायत असं: "आधी काडी, मग चावी!" लांब दांड्याला बांधलेला पेटता काकडा नळीशी धरायचा आणि मग गॅस सोडायचा. आधी गॅस सोडून मग काडी शोधत बसणाऱ्या माणसाविषयी ते जसं बोलायचे, तसं लोक दरोडेखोराविषयी बोलतात. मधेच ज्योत विझली तर गॅस बंद करून ते खुर्चीत बसायचे, काकूंना एखादी जुनी गोष्ट सांगायला लावायचे आणि ती पूर्ण ऐकून झाल्यावरच पुन्हा मातीला नाक लावायला उठायचे.

पाहुण्यांचीही तपासणी व्हायची. ते दिवस नायलॉनच्या साड्यांचे. आळीतल्या बायका हौसेनं नवी साडी नेसून यायच्या आणि काका फाटकातच म्हणायचे, "नायलॉन बाहेर." वाळूची बादली शेजारी असायचीच. शेकोटी जळत असेपर्यंत काका तिच्यापासून हलायचे नाहीत. घरात कुणी आलं, हाक मारली, काही झालं तरी बसल्या जागेवरून उत्तर. शेवटी सिलिंडर आधी बंद करायचा, नळीत राहिलेला गॅस जळून ज्योत आपोआप मिटू द्यायची आणि विटा गार होईपर्यंत पुन्हा बसून राहायचं. काकू आत जाऊन झोपलेल्या असायच्या.

एकदा यजमानांनी पवनेच्या पात्रातून सुंदर गोटे आणले. काळे, तांबूस, गुळगुळीत. शेकोटीत शोभतील म्हणून. काकांनी त्यातला एक घेतला, मागच्या परसात एका पत्र्याआड विस्तव केला, त्यात गोटा ठेवला आणि आम्हा सगळ्यांना भिंतीपलीकडे उभं केलं. बराच वेळ काही झालं नाही. यजमान माझ्याकडे बघून हसायला लागले. तेवढ्यात बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. पलीकडे जाऊन पाहिलं तर गोट्याचे तुकडे झाले होते आणि पत्र्याला आरपार भोक पडलं होतं.

"नदीचा दगड पाणी पिऊन बसलेला असतो," काका म्हणाले. "तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर यायला वाट नसते."

यजमान पुढे कितीतरी दिवस ते भोक लोकांना दाखवायचे.

मला वाटायचं, या माणसानं कधीतरी काहीतरी भयंकर पाहिलं असणार. त्याशिवाय कुणी इतकं जपत नाही. एका संध्याकाळी शेकोटीशी बसलो असताना मी धीर करून विचारलं. "काका, तुमच्या कारखान्यात मोठा अपघात झाला होता का?"

"नाही," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली एकही नाही."

मग विटांकडे बघत म्हणाले, "निरोपाच्या दिवशी साहेब भाषणाला उठले. काय बोलावं त्यांना सुचेना. दुसऱ्यांनी यंत्रं बसवली, उत्पादन वाढवलं. माझ्याबद्दल काय सांगणार? काही झालं नाही. माझ्या कामाचं दाखवण्यासारखं काही उरत नाही, बाई."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला मात्र त्या रात्री फार वेळ झोप लागली नाही.

आता दिघीचं सांगते.

दिघीच्या एका जुन्या घरातले आप्पा म्हणून एक गृहस्थ होते. जमीन होती, शिवाय भोसरीला त्यांनी लोखंडी कामाचा कारखाना काढला होता. काकूंच्या माहेरकडून त्यांचं काही नातं लागायचं. एका थंडीत ते आमच्याकडे आले आणि शेकोटीसमोर बसले ते उठेनात. "काका, लेकीचा साखरपुडा हाय माझ्या. मळ्यातच करनार. ही असली शेकोटी पायजेल मला. पावण्यांनी तोंडात बोटं घातली पायजेत."

काकांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. विटा कसल्या, भोकं कुठं, सिलिंडर किती लांब. आप्पा मान डोलवत होते. निघताना म्हणाले, "समजलं की सगळं. आपलं कामच हाय ते."

साखरपुड्याला आम्हीही गेलो. यजमानांची शिफ्ट होती, म्हणून काकूंनी आग्रहानं मला बरोबर घेतलं. ऊन उतरायला लागलं होतं. दिघीच्या माळावर थंडी तशी लवकर पडते. मळ्यात उंचावर मांडव, समोर मोकळी जागा आणि तिच्या मधोमध आप्पांची शेकोटी. ती बघून काकांचे पाय जागच्या जागी थबकले.

आप्पांनी खड्डा खणला होता. विहिरीसारखा गोल, सिमेंटनं गिलावा केलेला, कमरेइतका खोल. आत चकचकीत नदीचे गोटे. खड्ड्याच्या तळापासून लोखंडी नळी नेण्यासाठी उतारानं एक चर खणला होता आणि दिसू नये म्हणून त्यावर फळ्या टाकून वर सतरंजी अंथरली होती. चराचं दुसरं टोक खाली, कनातीच्या मागे, आचाऱ्यांच्या जागेत निघत होतं. दोन सिलिंडर तिथं ठेवले होते आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर तीन मोठ्या चुली धडाडत होत्या.

काका आप्पांना बाजूला घेऊन गेले. "आप्पा, हा पेटवू नका."

"आता काय झालं?"

"खड्ड्यात गॅस साचेल. आणि हा चर..."

"काका, आज न्हाई हां. पावनं आल्यात. उद्या सांगा काय सांगायचं ते." आप्पांनी फेटा सावरला आणि ते निघून गेले. काकूंनी काकांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. ते बसले, पण टेकले नाहीत.

अंगठी घालून झाली. आप्पांच्या पुतण्यानं शेकोटी पेटवली आणि ज्वाळा एकदम वर आल्या. खरं सांगते, फार देखणं दिसत होतं ते. मुलाकडची माणसं उठून बघायला आली. टाळ्या वाजल्या. आप्पांचा चेहरा फुलून आला होता.

मग माळावरून वाऱ्याचा एक झोत आला. ज्वाळा आडव्या झाल्या आणि फट्‌कन विझल्या. लोक हसले. पुतण्या काडेपेटी शोधायला लागला. मंडळी पुन्हा पेटतंय म्हणून खड्ड्याभोवती आणखी जवळ आली. मी शेजारी पाहिलं तर काकांची खुर्ची रिकामी होती.

ते कनातीच्या मागे धावत गेले होते. मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी आधी दोन्ही सिलिंडरच्या चाव्या बंद केल्या. मग चराच्या तोंडाशी गुडघे टेकले, नाक मातीला लावलं आणि ताडकन उठले. असा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"बाई, वर जा," ते म्हणाले. "काडी ओढू देऊ नका. काहीही करा."

मी धावले. एवढ्या माणसांत, परक्या घरी, ओळख फक्त काकूंची भाडेकरू एवढीच. तो पुतण्या खड्ड्याच्या काठावर वाकला होता, काडी हातात होती. मी जाऊन त्याच्या हातातली काडी आणि काडेपेटी दोन्ही हिसकावून घेतली आणि मूठ घट्ट आवळून छातीशी धरली.

"ओ बाई! काय येड लागलंय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला तिथं कसलाच वास येत नव्हता. फुलांचा येत होता, अत्तराचा येत होता. "काकांनी सांगितलंय," एवढंच मी म्हणत राहिले. "मागं व्हा. सगळे मागं व्हा."

तेवढ्यात खालून आचाऱ्यांची आरडाओरड ऐकू आली. काकांनी ड्रममधलं पाणी बादलीनं घेऊन दोन चुली विझवल्या होत्या. तिसरीपर्यंत पाणी पुरेना, तेव्हा त्यांनी शेजारी पडलेल्या लोखंडी आकड्यानं तिच्यावरच्या पातेल्याचा काठ ओढला आणि अख्खी आमटी चुलीत ओतली. वाफेचा आणि राखेचा लोट कनातीवरून वर आला. मांडवभर धावाधाव झाली.

आणि पुढे काही झालं नाही. आवाज नाही, आग नाही. आमटीत भिजलेली लाकडं, विझलेल्या तीन चुली आणि त्यांच्यामध्ये राखेनं भरलेला एक म्हातारा माणूस.

आप्पा धावत खाली आले, मागोमाग आम्हीही. "म्हातारं येडं झालंय का? माझ्या लेकीच्या साखरपुड्यात चुली इजवतोस?"

मुलाकडची एक बाई मोठ्यानं म्हणाली, "शुभकार्यात चूल विझली. हे काय बरं लक्षण नव्हं." आप्पांची मुलगी मांडवात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आमटी मी सांडली," काका म्हणाले. "मला माफ करा. चरात गॅस भरला होता. वरून खाली, चुलीपर्यंत."

"कुठाय ग्यास? दिसतोय का कुनाला? पुरावा काय?"

"पुरावा दाखवायचा तर काडी ओढावी लागेल."

"म्हंजे पुरावा न्हाईच."

"नाही," काका म्हणाले.

त्यांनी आवाज चढवला नाही. एवढ्या लोकांसमोर अंगावर राख घेऊन, वेड्यात निघून, ते सरळ उभे होते. खांदे पडले नव्हते. त्यांना पटवून द्यायची घाईसुद्धा नव्हती. माझ्या मुठीत काडेपेटी चुरमडली होती आणि मला वाटलं, आपण आयुष्यात एवढं मोठं माणूस पुन्हा बघणार नाही.

काकू पुढे झाल्या. विझलेल्या चुलींचा धूर तिथं साचला होता, त्यांना धाप लागली होती, पदर नाकाशी धरलेला होता. तरी त्या आप्पांजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, त्यांच्यासारखं खाली वाक. एकदाच. मग काय बोलायचं ते बोल."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कसंबसं हसत, लोकांना दाखवायचं म्हणून, ते चराच्या तोंडाशी गुडघ्यावर बसले. फेटा पुढे घसरला, तो त्यांनी एका हातानं काढून बाजूला ठेवला आणि डोकं खाली नेलं.

ते लगेच उठले नाहीत. उठले तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. ते वळून त्या चुलींकडे बघत राहिले, मग वर मांडवाकडे, जिथं त्यांची लेक उभी होती, पोरंबाळं होती, मुलाकडची माणसं होती. फेटा उचलायचं त्यांना भान नव्हतं.

"पावनं," ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "हिकडं या. तुमीबी वास घ्या."

मुलाचे वडील वाकले. मग पुतण्या वाकला. ते अपशकुनाचं बोललेली बाई वाकली नाही, पण तिनं तिच्या नातवाला कडेवर घेतलं आणि ती लांब जाऊन उभी राहिली. मुलाचे वडील उठले, हात झटकले आणि म्हणाले, "आप्पा, आमटी पुन्हा टाका. आम्हाला काय घाई न्हाई."

मग काकांनी कामाला सुरुवात केली. सतरंजी काढायला लावली, फळ्या उचलायला लावल्या, चर पूर्ण उघडा केला. चार माणसं सुपांनी वारा घालत बसली. सिलिंडर उचलून पार बांधापलीकडे नेले. खड्ड्यातून एकेक गोटा बाहेर काढायला लावला. मधूनमधून काका मातीला नाक लावत होते आणि आता कुणी हसत नव्हतं. त्यांनी मान हलवल्यावरच चुली पेटल्या, त्याही पहिल्या जागेपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. आणि मग काका आचाऱ्यांच्या शेजारी पाट घेऊन बसले आणि दुसऱ्या आमटीचे कांदे चिरू लागले. आचारी नको नको म्हणत होता. "सांडली मी," एवढंच ते म्हणाले.

जेवणं झाली. तो साखरपुडा मोडला नाही. पुढं लग्न झालं, त्या मुलीचा संसार चांगला झाला. दुसऱ्याच दिवशी आप्पांनी खड्डा आणि चर दोन्ही मातीनं भरून टाकले, असं काकूंकडून कळलं. लग्नाच्या वेळी त्यांनी काकांना चार दिवस आधी घेऊन जाऊन, ते सांगतील तसं विटांचं कडं जमिनीच्या वर बांधून घेतलं. पण मला आठवतो तो परतीचा प्रवास.

आप्पांनी त्यांच्या टेम्पोतून आम्हाला पोचवायची सोय केली होती. मागच्या हौद्यात गादी टाकली होती. काकू, मी आणि समोर काका. अंधार पडला होता. टेम्पो दिघीच्या उतारावरून खाली आला तेव्हा रस्त्याच्या दिव्यात मी त्यांचे हात पाहिले. हौद्याची कड त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

"घाबरला होतात?" काकूंनी विचारलं.

"हो," काका म्हणाले. "फार."

थोड्या वेळानं ते मला म्हणाले, "बाई, वर तुम्हाला वास आला होता का?"

"नाही."

"मग काडी का हिसकावलीत?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

त्यांना ते आवडलं नाही. "असं पुन्हा करू नका. कुणाच्याही शब्दावर नाही. माझ्याही नाही. आधी स्वतः खाली वाकायचं."

"अहो, वाकायला वेळ होता का तिला?" काकू म्हणाल्या.

"नव्हता," काका म्हणाले. "ते खरं. वेळ नव्हता." आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला काय करावं ते कळेना, मी आपली बाहेर बघायला लागले.

भोसरी मागे पडली. मी वळून पाहिलं तेव्हा टेम्पोच्या फळीला डोकं टेकून ते झोपी गेले होते. तोंड थोडं उघडं, भुवयांवर अजून राख. त्यांना झोपलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. काकूंनी आपली शाल काढली, त्यांच्या अंगावर घातली आणि चिंचवड येईपर्यंत ती वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसल्या.